बाबांना बुडवलं ती दोन मिनिटं

इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत पास कसं व्हायचं, हे अजूनही लोक मलाच विचारतात. डिचोलीहून, पेडण्याहून मुलींचे फोन येतात. कुणी माझ्या मावसबहिणीची नणंद, कुणी त्या नणंदेची मैत्रीण. सगळ्या नर्स, सगळ्यांना परदेशी जायचंय आणि सगळ्यांचं घोडं या एकाच पेपरावर अडलेलं. मी सांगते, रोज अर्धा तास मोठ्यानं बोला, चुकलात तर मागे फिरू नका, एका शब्दात उत्तर देऊ नका आणि पाठ केलेलं तर मुळीच म्हणू नका. मुली 'हो मॅडम, हो मॅडम' करत लिहून घेतात. मी स्वतः कशी पास झाले, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. 

तेव्हा मी म्हापशाच्या एका इस्पितळात नोकरीला होते. डिचोलीजवळच्या मुळगावहून रोज बसनं जायचे, बसनं यायचे. इंग्लंडातल्या एका इस्पितळानं मला घ्यायचं कबूल केलं होतं. तसं पत्र आलं होतं आणि आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. वाचणं, लिहिणं, ऐकणं या तिन्हींत मी पहिल्या फटक्यात पास झाले. बोलण्यात दोनदा आपटले, दोन्ही वेळा अर्ध्या गुणानं. पत्राची मुदत वर्षअखेरपर्यंत होती. तिसऱ्यांदाही आपटले असते तर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती, आणि मी जन्मभर म्हापशाची बस पकडत राहिले असते.

मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. बोलायची सवय नव्हती, आणि त्याहून वाईट म्हणजे मला वळण होतं. आमच्या घरात मोठं माणूस काही विचारतं तेव्हा विचारलं तेवढंच सांगायचं, नजर खाली ठेवायची आणि गप्प बसायचं. लांबड लावणाऱ्या पोरीला आई 'वाचाळ' म्हणायची. पहिल्या परीक्षेत समोरच्या बाईंनी विचारलं, तुला तुझं गाव आवडतं का? मी म्हटलं, हो. आणि मांडीवर हात ठेवून त्यांच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले. त्या माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसल्या. आम्ही दोघी एकमेकींचा किती मान राखत होतो ते आठवलं की आता हसू येतं. निकाल लागला तेव्हा मात्र मी दोन दिवस जेवले नव्हते.

मग मी म्हापशाला एका सरांच्या क्लासला नाव घातलं. बाजारातल्या एका बेकरीवर त्यांची खोली होती. खालून पावाचा वास यायचा आणि वर हे सर आमच्यावर ओरडायचे. आखातात बरीच वर्षं काढून आलेले गृहस्थ, हातात कायम एक घड्याळ. त्यांचं सगळं लक्ष परीक्षेतल्या दोन मिनिटांवर होतं. त्या परीक्षेत एक कार्ड हातात देतात. त्यावर विषय असतो, तुमच्यावर छाप पाडणारी व्यक्ती, न विसरता येणारा प्रवास, आयुष्य बदलणारा प्रसंग, असं काहीतरी. एक मिनिट विचार करायला देतात आणि मग तुम्ही दोन मिनिटं न थांबता एकट्यानं बोलायचं. सर म्हणायचे, "एकच गोष्ट तयार ठेवा. सगळीकडे चालणारी. कार्डावर काहीही येऊ दे, गाडी फिरवून तिथंच आणायची."

मी आजीची गोष्ट तयार केली. आजी कैरीचं लोणचं कसं घालायची, मला पहिली फोड कशी द्यायची. चाळीस सेकंदांत संपली. सरांनी घड्याळ माझ्या तोंडासमोर धरलं.

"या आजी वारल्या का?"

"हो सर."

"कशानं?"

"झोपेत गेली सर. म्हातारी झाली होती."

"झोपेत!" सर वैतागले. "मग दोन मिनिटं तू सांगणार काय? घरात आणखी कुणी वारलंय का? अपघात वगैरे?"

 वर्गात बारा-पंधरा जणी होत्या, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाजूची मुलगी तर वहीत लिहून घेत होती.

"वडील काय करतात?"

"बार्जीवर आहेत सर. खनिज नेतात. आमच्या नदीवरच्या धक्क्यावरून मुरगावला, बोटीपर्यंत."

"झालं तर," सर म्हणाले. "समुद्र आहे, पाऊस आहे, गरीब माणूस आहे. याहून चांगलं काय पाहिजे?"

मी म्हटलं, "पण माझे बाबा जिवंत आहेत सर."

"ते तुझी भाषा तपासतात, बाई. रेशनकार्ड नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी हसले, हे मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही. कारण त्या संध्याकाळी बसमध्ये, मुळगाव यायच्या आत, मी बाबांना मारलं. खिडकीशी बसून, वहीत, निळ्या पेननं.

गोष्ट अशी होती. माझे वडील बार्जीवर काम करत. ते फार कष्टाळू होते. एके दिवशी समुद्र खवळलेला असताना त्यांची बार्ज मुरगावला एका मोठ्या बोटीला लागत होती. बाबा दोर धरून उभे होते. दोर ओला होता. अचानक दोराला हिसका बसला, त्याचा वेढा बाबांच्या पायाला पडला आणि त्यांना घेऊन समुद्रात गेला. तिसऱ्या दिवशी ते सापडले. त्या दिवशी मी ठरवलं की आपण नर्स व्हायचं आणि लोकांचे जीव वाचवायचे. शेवटचं वाक्य सरांचं. सरांनी ती गोष्ट ऐकली, घड्याळ बघितलं, दोन मिनिटं चार सेकंद. ते म्हणाले, "आता रोज म्हण. इतकी म्हण की तुला ती खरी वाटली पाहिजे."

बाबा मूळचे इब्रामपूरचे. खाणींच्या कामासाठी तरुणपणी डिचोलीकडे आले आणि मुळगावात घर बांधून राहिले. कामावरून आले की लाल मातीनं माखलेले कपडे बाहेरच्या न्हाणीतच काढायचे. ती माती आई घरात येऊ द्यायची नाही, आणि बार्जीवरची भाषासुद्धा बाबा त्या कपड्यांबरोबरच बाहेर ठेवत असावेत, असं मला आता वाटतं. घरात त्यांच्या तोंडून मी इंग्रजीचा एक शब्द ऐकला नव्हता. मराठी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मला आलेलं इंग्लंडचं पत्र त्यांनी उलटसुलट करून बघितलं होतं आणि "शिक्को बरो आसा" एवढंच म्हणाले होते.

पावसाळ्यात समुद्र खवळतो, मग बार्जी बांधून ठेवतात. ते दोन-अडीच महिने बाबा घरी असायचे. परसातल्या दोडक्याचा मांडव, कौलं, आईच्या कोयतीची मूठ, असलं काहीबाही करत राहायचे. माझी परीक्षा नेमकी श्रावणात होती. मी रोज संध्याकाळी सोप्यावर बसून भिंतीकडे तोंड करून म्हणायची, माय फादर वर्क्ड ऑन अ बार्ज. बाबा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून सुतळी वळत असायचे. सुरुवातीला मला कसंतरी व्हायचं, मी आवाज खाली घ्यायचे. मग वाटलं, त्यांना कुठं कळतंय. आठवड्याभरात मी खणखणीत म्हणू लागले. ते मेले की मी छान आवंढा गिळायचे, तोही सरांनी सांगितलेल्या जागी.

आईला माझ्या इंग्रजीचं भारी कौतुक. ती चुलीपुढून ऐकायची, अर्थ कळायचा नाही, पण सूर पाठ झाला होता. एका रविवारी आत्या आली, बाबांची बहीण, इब्रामपूरहून. चहा झाला आणि आई म्हणाली, "बाय, ता तुजा इंग्लीश म्हण मगे. आत्येक आयकंदे."

 मी नको-नको म्हटलं. आत्यानं आग्रह केला. आणि सुतळी बाजूला ठेवून बाबा म्हणाले, "म्हण गो बाय. बरां म्हणतंस."

मी म्हटलं. समोर बाबा, शेजारी त्यांची सख्खी बहीण, दारात पदराला हात पुसत आई. मी त्या तिघांसमोर बाबांचा पाय दोरात अडकवला, त्यांना समुद्रात ओढलं, तिसऱ्या दिवशी वर काढलं. आत्यानं कानशिलावर बोटं मोडली. बाबा म्हणाले, "बरां जाता. मधी जरा धांवतंस. सावकाश." मी जीभ चावली. केवढा भाबडा माणूस, असं मनात आलं आणि त्यांची दया आली. दया! मला!

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. बस चुकायला नको म्हणून बाबांनी मला स्कूटरवरून पणजीला नेलं. त्यांनी रेनकोट मला दिला आणि स्वतः डोक्यावर प्लास्टिक गुंडाळलं. परीक्षा एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होती. सोबतच्या माणसांनी खाली थांबायचं होतं. बाबा पायरीपाशी उभे राहिले. "भियां नको," एवढंच म्हणाले.

समोर एक गोऱ्या बाई होत्या, साठीच्या, पांढरे केस मागे बांधलेल्या. टेबलावर आवाज टिपणारं यंत्र. सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. या वेळी मी लांबड लावली. मग त्यांनी कार्ड दिलं: 'तुम्ही ज्यांच्याकडून काही शिकलात अशा घरातल्या व्यक्तीबद्दल सांगा.' गाडी फिरवायचीसुद्धा गरज नव्हती. कार्ड माझ्यासाठीच छापल्यासारखं होतं.

मी बोलायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला काहीतरी बिनसलं. बाबा मला दिसायला लागले. खालच्या पायरीवर प्लास्टिक गुंडाळून उभे असलेले नव्हे, पाण्यातले. डोक्यावरचं ते प्लास्टिक पाण्यात पसरलेलं. सरांनी सांगितलेल्या जागी मी आवंढा गिळायला गेले आणि तो खरा निघाला. मी रडले. रडत रडत बोलत राहिले, कारण थांबायचं नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं. बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. परीक्षकानं ठरलेल्या प्रश्नांखेरीज एक शब्द बोलायचा नसतो असं सर म्हणायचे, पण बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी."

मग पुढचे प्रश्न आले. समुद्रावरची कामं धोक्याची आहेत का, मालकांनी काय करायला हवं. मी धडाधड बोलले. शेवटी त्यांनी विचारलं, "आज तुझे वडील असते तर त्यांनी काय केलं असतं?"

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.  मग तोंडातून आपसूक निघालं, "त्यांनी मला स्कूटरवरून इथं आणलं असतं आणि मी येईपर्यंत खाली पावसात उभे राहिले असते."

बाईंचे डोळे भरून आले. यंत्र बंद झालं.

मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. खाली आले तर बाबा तिथंच होते, भिजून चिंब, हातात कागदात बांधलेले पाव आणि पातळ भाजी. मला पाहून हसले. मी किंचाळले. खरंच किंचाळले, हॉटेलचा माणूस धावत बाहेर आला. पाव तास मी त्यांना मेलेले धरून चालले होते आणि ते पातळ भाजी सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून उभे होते. "कितां जाला? बरां गेला नाय?" बाबा घाबरून विचारत होते. मी म्हटलं, बरं गेलं. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

निकाल चतुर्थीच्या तीन दिवस आधी आला. हवा होता त्यापेक्षा पूर्ण एक गुण जास्त. सरांनी माझं नाव क्लासच्या फळ्यावर लिहिलं. आईनं शेजारी साखर वाटली. मी घरात चोरासारखी वावरत होते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकट आढ्याला टांगायची आणि तिला रानातली फळं, सुपारीचे घड, नारळ, तोरिंजन म्हणजे पपनस, सगळं बांधायचं. हे काम बाबांचं. गावात त्यांच्या गाठी प्रसिद्ध होत्या, ओढलं तर आवळणाऱ्या आणि एका बोटानं सुटणाऱ्या, बार्जीवरच्या. ते स्टुलावर उभे होते, पाठ माझ्याकडे. मी खालून एकेक वस्तू देत होते. आई परसात होती. मी सुपारीचा घड वर केला. तो घेत, गाठ मारत, माझ्याकडे न वळता बाबा म्हणाले, "द रोप वॉज वेट."

माझ्या आवाजात. माझ्या चालीवर. मी जिथं थांबत होते तिथंच थांबून.

माझ्या हातातलं तोरिंजन खाली पडलं आणि घरंगळत देव्हाऱ्यापर्यंत गेलं.  मी स्टुलाचा पाय धरून खाली बसले.

"बाबा, तुमकां..."

"बाय, येक सांग," बाबा अजून गाठीकडेच बघत होते. "तो दोर खंयचो? नायलॉनचो का काथ्याचो?"

मी मान वर करून त्यांच्या पाठीकडे बघितलं.

"येवढी वर्सां गोऱ्यांच्या बोटींक बार्ज लावतंय. ग्रीकांचो कप्तान, कोरियाचो कप्तान, सगळ्यांच्या गाळी कळतत माका. तुजा सोपा इंग्लीश कळचा नाय?" आता ते वळले. रागावलेले असते तर बरं झालं असतं. ते दुखावलेले होते, आणि तेही भलत्याच गोष्टीनं. "माका मारलंस तां मारलंस. परीक्षेक लागत असतला. पण असो? दोराच्या वेढ्यात पाय घालून? मी काय पिसो? नवो पोरगोय असो उभो रवणा नाय. त्या बायक वाटला असतला, हिचो बापूस येडो होतो."

आणि मग मला आठवलं. मी सहा-सात वर्षांची असताना विहिरीवर, पाणी काढायच्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवून उभी होते. बाबांनी धावत येऊन माझ्या थोबाडीत मारली होती. आयुष्यात त्यांनी मला मारलेली तेवढी एकच. "दोराच्या आत कधी उभां रवायचा नाय," म्हणाले होते, आणि मग मला कडेवर घेऊन स्वतःच रडवेले झाले होते. कार्डावर विचारलं होतं, घरातल्या व्यक्तीकडून काय शिकलात. हे शिकले होते. खरं उत्तर माझ्याकडे होतं आणि मी त्याच दोरानं त्यांना बुडवलं होतं.

"मग तुमी बोलला का नाय?" मी कसंबसं विचारलं. "महिनाभर आयकत होता. आत्येसमोर..."

"मधी बोलान तुका कित्याक अडखळवू? परीक्षा जवळ आयल्ली." ते खाली उतरले, तोरिंजन उचलून धोतराला पुसलं. "आणि खोटीच मेल्याची खबर आयली का माणसाचा आयुष्य वाढता म्हणतत. तू तर रोज दोन-दोन फेरे मारीत हुतंस. मी आता शंभरी गाठतंय बग."

ते हसले. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत होते. त्यांनी मला उठवलं.

"आवशीक सांगू नको. तिका वाटता तू देवाचा म्हणतंस." मग पुन्हा स्टुलावर चढले. "आणि परत कधी म्हणशीत तर माका दोराच्या भायर उभो कर. मगे काय करूचा ता कर."

मी ती गोष्ट परत कधीच म्हटली नाही. इंग्लंडला गेले, तिथं रुळले. दोन वर्षांतून एकदा चतुर्थीला यायचे. खाणी बंद पडल्या, बार्जी नदीत गंजत उभ्या राहिल्या, बाबा घरी बसले. फोनवर मला मुद्दाम इंग्रजीत विचारायचे, "हाऊ आर यू, कॅप्टन?" आणि स्वतःच हसायचे.

एका सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा चहा पिऊन सोप्यावर बसले होते, बसल्या जागी गेले. त्रास नाही, आवाज नाही. शंभरीला तीस वर्षं कमी.

मी कामावर निघालेच होते. तशीच वॉर्डात पोहोचले आणि आमच्या मुख्य सिस्टरपुढे उभी राहिले. रजा हवी होती. तिनं माझा चेहरा बघून विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडलं आणि शब्द यायला लागले, न अडखळता, एकामागून एक, मला विचार करावाच लागला नाही. माय फादर वर्क्ड ऑन अ बार्ज. द रोप वॉज वेट. दोराचा वेढा त्यांच्या पायाला पडेपर्यंत मला ऐकूच आलं नाही की मी काय बोलतेय. ऐकू आलं तेव्हा उशीर झाला होता. सिस्टरनं मला जवळ घेतलं होतं, ती रडत होती, दुसरीनं खुर्ची आणली होती. मी गप्प झाले. ते दुरुस्त करायची ताकद माझ्यात नव्हती. बाप खरोखर मेला त्या दिवशीही मला त्याचं खरं मरण सांगता आलं नाही, या धक्क्यातून मी विमानात, मुळगावात, कुठंच बाहेर आले नाही.

बाराव्या दिवशी घरात थोडी माणसं होती. आत्याही होती, आता काठी टेकत चालणारी. बाबांचा फोटो सोप्यावर ठेवला होता, त्याला अबोलीचा हार. जेवणं उरकल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुकलेले होते. ती म्हणाली, "बाय, ता तुजा इंग्लीश म्हण मगे येकदा. तुज्या बापाशीक ता लय आवडायचा. तू गेल्यावर मियां तेंका विचारी, काय म्हणता ओ ता चेडू? तर म्हणायचे, माजी गोष्ट सांगता."

 आत्यानं मान डोलावली, "म्हण गो."

मी उठले. फोटोसमोर उभी राहिले. हात मांडीशी घट्ट धरले आणि सुरुवात केली. माय फादर वर्क्ड ऑन अ बार्ज. आई डोळे मिटून सुरावर हलकेच डोलू लागली. समुद्र खवळलेला होता. बार्ज बोटीला लागत होती. दोर ओला होता. इथं मी थांबले. बाबा दोराच्या बाहेर उभे होते, मी म्हटलं, माझे बाबा दोराच्या आत कधीच उभे राहत नसत. दोराला हिसका बसला आणि तो रिकामाच पाण्यात गेला. बाबांनी तो ओढून घेतला, बार्ज बांधली. मग ते घरी आले, आणि बाहेरच्या न्हाणीत त्यांनी कपडे काढले.

पुढे काही उरलंच नव्हतं.

आईनं डोळे उघडले. जरा वेळ वाट बघितली. मग म्हणाली, "इतक्यात संपला? आदी मोठा हुता गो."